भाऊ निर्दोष सुटला, आता पोलिसांवर दावा लावायचा म्हणतोय

बांधकरी · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला. गावाचं आणि ठाण्याचं नाव घेत नाही, कारण सांगायला नको.

२०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या शेजाऱ्याची सोयाबीनची गंजी रात्री पेटली. आमचा आणि त्यांचा बांधावरून जुना वाद, मोजणीचा अर्जही पडलेला. त्यांनी सरळ माझ्या धाकट्या भावाचं नाव घातलं. भाऊ त्या रात्री पिकअप घेऊन परभणीच्या मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजारात गेलेला. धर्मकाट्याची पावती होती, तिच्यावर रात्री साडेदहाची वेळ छापलेली. गाव तिथून चाळीस किलोमीटर. आग लागली अकराच्या आत.

पोलीस संध्याकाळी आले, "चौकशीला चल, तासाभरात सोडतो" म्हणून घेऊन गेले. रात्रभर ठाण्यात बसवून ठेवला. अटक दाखवली दुसऱ्या दिवशी दुपारची. ती पावती भावाने तपासी अंमलदाराच्या हातात दिली. साहेबांनी वाचली, घडी केली, शर्टाच्या खिशात घातली. चार्जशीटमध्ये पावती नाहीच. दिवाळी आत गेली. नंतर सेशन कोर्टातून जामीन. मग चार वर्षं तारखा.

गेल्या नोव्हेंबरात निर्दोष मुक्तता झाली. पण मधल्या काळात कारखान्यावरची ड्रायव्हरची नोकरी गेली, ठरलेली सोयरीक मोडली. आता भाऊ म्हणतोय की ज्यांनी अडकवलं त्यांना कोर्टात खेचायचं. तालुक्याचे वकील म्हणायलेत, "सुटलास ना? घरी बस." असा दावा खरंच लागतो का? कुणी लावलाय का?

कोरडवाहू · रविवार, रात्री १०:०५

लागतो. निकाल लागेपर्यंत भावाच्या नातवाचं लग्न होईल एवढंच.

सिना_काठ · रविवार, रात्री १०:१८

अहो हे सगळं इथं लिहिण्यापेक्षा रील बनवा, गृहमंत्र्यांना टॅग करा. एका रात्रीत निलंबन होतं आजकाल.

बांधकरी · रविवार, रात्री १०:३१

निलंबन होऊन तो माणूस सहा महिन्यांनी परत ड्युटीवर येतो, आणि आमचं घर त्याच हद्दीत असतं. रील नको.

काळा_कोट · सोमवार, सकाळी ७:५०

मी औरंगाबाद खंडपीठात आणि अधूनमधून जिल्हा न्यायालयांत काम करतो. ही सवड काढून लिहितोय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या भावाच्या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या एकाच पोत्यात भरतात. बेकायदा अटक ही एक, आणि खोटा खटला द्वेषाने चालवला ही दुसरी. दोन्हींची मुदत वेगळी, पुरावा वेगळा, प्रतिवादीसुद्धा वेगळे असू शकतात.

बेकायदा डांबून ठेवल्याच्या दाव्याला मुदत कायद्यात एक वर्ष आहे, आणि ते मोजायचं सुटका झाल्यापासून. म्हणजे जामिनावर बाहेर आला त्या दिवसापासून. ते वर्ष २०२२ मध्येच संपलं. शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करून रिमांड मिळाला की पुढची कोठडी कोर्टाच्या आदेशाने असते. दिवाणी कोर्टात पोलिसांच्या माथी मारता येते ती त्याआधीची रात्र.

द्वेषमूलक खटल्याच्या दाव्यालाही एकच वर्ष, पण ते निर्दोष सुटल्याच्या दिवसापासून. हे तुमच्या हातात आहे.

आता सिद्ध काय करायचं. खटला प्रतिवादीने चालवला किंवा चालवायला लावला. तो तुमच्या बाजूने संपला. तो चालवायला वाजवी आणि संभाव्य कारण नव्हतं. मनात द्वेष किंवा आडहेतू होता. आणि त्यातून नुकसान झालं. हे पाचही तुम्हीच सिद्ध करायचे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा तुम्हाला मिळाला, इथे तो पोलिसांना मिळेल. म्हणून "निर्दोष सुटलो" एवढ्यावर दावे पडतात, आणि मराठवाड्यातल्या कोर्टांत मी असे पडलेले बरेच पाहिलेत.

तेव्हा पहिला प्रश्न: निकालपत्रात न्यायाधीशांनी नेमकं काय लिहिलंय? "संशयाचा फायदा देऊन" की त्यापुढे काही? दुसरा प्रश्न: कलमं कोणती लावली होती?

लातूरकर_७२ · सोमवार, सकाळी ८:२२

विनाकारण अटकेला भरपाई फौजदारी कायद्यातच आहे ना? मागे कुठेतरी वाचलं होतं.

काळा_कोट · सोमवार, सकाळी ८:४०

आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५८, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९९. जास्तीत जास्त एक हजार रुपये. आणि तेही पोलीस देत नाहीत, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली तो देतो. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, आकडा जागचा हलला नाही. परभणीहून संभाजीनगरला दोन माणसं एसटीने जाऊन-येऊन चहा प्यायली की संपला.

निवृत्त_जमादार · सोमवार, सकाळी ११:१५

तीस वर्षं खात्यात काढली, नांदेड-हिंगोली पट्ट्यात. आता शिव्या खायला तयार होऊन लिहितो.

खालचा अंमलदार दर वेळी पैसे खाऊन अटक करतो असं नसतं. गंजी पेटली की फिर्यादी चार माणसं घेऊन ठाण्यात बसतो. अटक नाही केली तर दुसऱ्या दिवशी एसपी ऑफिससमोर उपोषणाचा मंडप. वरून फोन येतो, "काय करताय तुम्ही? अजून आरोपी मोकळा कसा?" अटक केली की सगळे गप्प. अटक हे तपासाचं काम राहिलेलं नाही, ते गर्दी पांगवायचं साधन झालंय. चूक आहे, पण असं आहे.

पण बांधकरी दादा, पावती खिशात घातली ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आरोपीने कागद दिला तर तो पंचांसमोर घ्यायचा, नोंद करायची. काटेवाल्याचा जबाब घ्यायचा. खिशात नाही घालायचा. ते ज्याने केलं त्याला माहीत होतं तो काय करतोय.

तुम्ही हे कागद काढा: त्या दोन दिवसांच्या स्टेशन डायरीच्या नोंदी, अटक फॉर्म, आणि सरकारी दवाखान्यातल्या मेडिकलची नोंद. दवाखान्याच्या रजिस्टरला वेळ असते, आणि ती पोलिसांच्या हातात नसते. बऱ्याचदा अटकेची वेळ आणि मेडिकलची वेळ यांचंच भांडण लागतं.

सिना_काठ · सोमवार, सकाळी ११:३०

आणि सीसीटीव्ही? प्रत्येक ठाण्यात असतो म्हणे.

निवृत्त_जमादार · सोमवार, सकाळी ११:५२

असतो. चालू असतो का, हे विचारू नका.

काळा_कोट · सोमवार, दुपारी १:४०

जमादार काकांचं स्टेशन डायरीबद्दलचं बोलणं सोन्यासारखं आहे. सीसीटीव्हीचं सांगतो, कारण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, लॉकअप, व्हरांडा, दारं सगळीकडे, आणि चित्रण अठरा महिने जपायचं, उपकरणच तेवढं नसेल तर निदान वर्षभर. घरातलं माणूस उचलून नेलं असेल तर त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज आणि "चित्रण जतन करा" असं एसपींना पत्र द्या. "कॅमेरा बंद होता" असं लेखी उत्तर आलं तरी तो एक पुरावाच असतो. बांधकरींच्या बाबतीत मात्र २०२१ चं चित्रण कधीच पुसलं गेलं असणार.

कलमांचं उत्तर अजून आलं नाही.

बांधकरी · सोमवार, रात्री ८:१०

वकीलसाहेब, दिवसभर शेतात होतो, हरभऱ्याची काढणी चाललीय. आता निकालाची नक्कल समोर घेऊन बसलोय.

कलम ४३५ आणि ४३६. फिर्यादीत फक्त गंजी पेटल्याचं होतं. ४३६ नंतर वाढवलं, पुरवणी जबाब घेऊन, की गंजीशेजारचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, तोही जळाला म्हणून. आता त्या शेतात आखाडा कधी नव्हताच. पत्र्याचं एक छप्पर होतं, तेही विहिरीजवळ, गंजीपासून लांब, आणि ते आजही उभं आहे.

निकालात लिहिलंय: घटनास्थळ पंचनाम्यात आखाड्याचा कुठेही उल्लेख नाही, नकाशात तो दाखवलेला नाही, आणि तपासी अंमलदार याचा खुलासा करू शकले नाहीत. पावतीबद्दल उलटतपासणीत साहेब म्हणाले "आठवत नाही". आमच्याकडून आडत्या साक्षीला आला, त्याच्या वहीत भावाच्या गाडीची नोंद होती, आणि पावतीचा फोटो भावाच्या मोबाइलमध्ये होता. कोर्टाने ते मानलं. शेवटी "आरोपीविरुद्ध कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही" असं आहे. संशयाचा फायदा हे शब्द नाहीत.

काळा_कोट · सोमवार, रात्री ९:०५

मग तुमच्या खटल्याचा जीव त्या आखाड्यात आहे. नीट समजून घ्या.

जुन्या दंड संहितेचं ४३५ म्हणजे आग लावून नुकसान. शेतमाल असेल तर दहा रुपयांचं नुकसानही पुरतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. नुसतं ४३५ असतं तर जामीन हा तुमच्या भावाचा हक्क होता, ठाण्यातच. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी चौकशीला हजर राहा अशी ४१-अ ची नोटीस द्यायची, अटक केलीच तर कारणं लेखी नोंदवायची, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलेलं. (आता तीच नोटीस नव्या संहितेच्या कलम ३५ खाली.)

४३६ म्हणजे घर किंवा माल ठेवायची इमारत जाळणं. अजामीनपात्र, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, सेशनला चालणारं.

म्हणजे कागदावर एक आखाडा उभा केला आणि जामीनही गेला, नोटीसही गेली. जो आखाडा पंचनाम्यात नाही, नकाशात नाही, तो पुरवणी जबाबात उगवला. हे नजरचुकीने होत नाही. द्वेष कुणी स्टॅम्प पेपरवर लिहून देत नाही, तो अशाच गोष्टींवरून कोर्टाला दाखवायचा असतो.

सरकारी वकील यावर काय म्हणतील तेही ऐका. "न्यायालयाने दोषारोप निश्चित केले, म्हणजे प्रथमदर्शनी केस होती." तुम्ही त्या वेळी दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडा असा, अर्ज केला होता का?

बांधकरी · सोमवार, रात्री ९:२०

नाही. आमचे वकील म्हणाले फेटाळला जातो, उगाच वेळ जातो.

काळा_कोट · सोमवार, रात्री ९:३५

हा मुद्दा ते वापरणार. जीवघेणा नाही, पण वापरणार.

आता वाईट बातमी. ही तुमच्या तालुक्याच्या वकिलांनी सांगायला हवी होती. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १६१. पोलिसाने कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला, कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत. वर दाव्यापूर्वी एक महिन्याची नोटीस. सरकारविरुद्ध जायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, खोटा कागद करणं हे कर्तव्य कसं? हाच वाद साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात झाला, विरूपाक्षप्पा कदमपूर प्रकरणात. एका हेड कॉन्स्टेबलने गांजाच्या जप्तीचे खोटे कागद केल्याचा आरोप होता. न्यायालय म्हणालं, कागद करणं हे त्याचं कामच, ते खोटं केलं तरी कर्तव्याच्या आवरणाखालीच केलं. सहा महिने उलटलेले, खटला टिकला नाही. मला हा निकाल पटत नाही, पण साठ वर्षांनंतरही तो समोरून टेबलावर येतो.

तुमच्या बाबतीत ते सहा महिने चार्जशीटच्या तारखेपासून मोजायला सांगतील. आपण म्हणायचं की निर्दोष सुटल्याशिवाय दाव्याचं कारणच जन्माला येत नाही. आपलं म्हणणं मला सरस वाटतं. पण ते मांडायला दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला पाहिजे. निकाल नोव्हेंबरचा, म्हणजे मे. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात या भरवशावर बसू नका. नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे. आणि सरकारने निकालावर अपील केलंय का, ते आधी पाहून घ्या.

कोरडवाहू · सोमवार, रात्री १०:१०

म्हणजे दरोडेखोराला शोधायला पोलिसांना जन्मभर मुदत आणि पोलिसांवर दाव्याला सहा महिने. छान.

दुधना · मंगळवार, सकाळी ७:१५

जालन्याची आहे. आमच्याकडची सहा माणसं विसरू नका. भटक्या समाजातली, जालना जिल्ह्यातली. २००३ च्या नाशिकच्या खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात धरली, फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे फेरविचारात प्रकरण पुन्हा उघडलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तपासावर ताशेरे ओढले, चुकार अधिकारी शोधून कारवाई करा म्हणून सांगितलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले.

सोळा वर्षांचे पाच लाख. मी हिशेब केला होता, दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये पडतात. रोजगार हमीवर खडी फोडली असती तर जास्त मिळाले असते. आणि त्यात एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

लातूरकर_७२ · मंगळवार, सकाळी ८:०५

इस्रोच्या नंबी नारायणन यांना मात्र पन्नास लाख मिळाले.

काळा_कोट · मंगळवार, सकाळी ८:३०

मिळाले, सप्टेंबर २०१८ मध्ये, हेरगिरीच्या खोट्या प्रकरणातल्या १९९४ च्या अटकेबद्दल. नंतर केरळ सरकारने आणखी एक कोटी तीस लाख दिले. पण ते पैसे दिवाणी दावा जिंकून मिळाले नाहीत, घटनात्मक अधिकारात सर्वोच्च न्यायालयाने दिले. हा तिसरा रस्ता, आणि बांधकरींनी तोही पाहावा.

पूर्वी "राजा चूक करत नाही" हा कायदा होता. १९६५ चं कस्तुरीलाल प्रकरण वाचा. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं संशयावरून ताब्यात घेतलं, मालखान्यातून हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे सार्वभौम काम, सरकार जबाबदार नाही. पुढे १९८३ मध्ये रुदुल शाह. बिहारमधला माणूस, १९६८ ला निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगातच राहिला. त्याला पस्तीस हजार. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह, विधानसभेत जाता येऊ नये म्हणून अटक, पन्नास हजार. १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणात न्यायालयाने स्पष्टच केलं की मूलभूत हक्क मोडला तर थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या रिट याचिकेत भरपाई मिळते आणि तिथे सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीनपात्र गुन्ह्यात अटक केलेल्या एका संगीत शिक्षकाला दोन लाख द्यायला लावले, तेही दोषी पोलिसांकडून वसूल करण्याच्या आदेशासह.

रिटला ठरावीक मुदत नाही, पण उशीर विचारतात. आणि साक्षीपुरावे तपासायची वेळ आली की खंडपीठ म्हणतं, "दिवाणी कोर्टात जा." म्हणून रिटमध्ये फक्त तेवढंच मांडायचं जे कागदावरच दिसतं. तुमचा आखाडा तसा आहे. पंचनामा आणि पुरवणी जबाब शेजारी ठेवले की वादच उरत नाही.

सिना_काठ · मंगळवार, सकाळी ९:१०

तुमच्याच परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात खंडपीठानेच पोलिसांवर गुन्हा दाखल करायला लावला ना?

काळा_कोट · मंगळवार, सकाळी ९:२२

हो, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण ते न्यायालयीन कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण. त्याचा तराजू वेगळा, इथे आणू नका.

अंबाजोगाईची_लेक · मंगळवार, दुपारी ३:३०

आमची गोष्ट थोडक्यात लिहिते. माझ्या वडिलांवर भावकीतल्या एकाने फसवणुकीची फिर्याद दिली होती. वडील निवृत्त शिक्षक, वय साठच्या पुढे. अटक झाली. पुढे अधिकारी बदलला, नव्याने नीट तपास केला आणि कोर्टात बी समरी पाठवली, म्हणजे फिर्यादच खोटी. कोर्टाने ती मंजूर केली.

आम्ही पोलिसांना हातच लावला नाही. फक्त फिर्यादीवर दावा लावला. तो अजून चालू आहे. पण एक सांगते, दाव्याचं समन्स त्याच्या दारात गेल्यापासून गावातली कुजबुज थांबली. वडिलांना पैशापेक्षा तेवढंच हवं होतं.

बांधकरी दादा, खर्चाच्या पावत्या आहेत का तुमच्याकडे? आमची अडचण तिथेच झाली. वकिलांनी कधी पावती दिली नाही, जामीनदाराला दिलेले पैसे तर तोंडीच.

काळा_कोट · मंगळवार, संध्याकाळी ६:१५

ताई, पावतीचा टोमणा मिळाला. आमच्या व्यवसायाला तो बसायलाच हवा.

तुमच्या दाव्यात एक बारकावा आहे, वकिलांना विचारून घ्या. समरी झाली म्हणजे कोर्टाने वडिलांवर खटला सुरूच केला नव्हता. मग "द्वेषमूलक खटला" म्हणता येतो का यावर समोरचा भांडेल. दाव्यात बदनामीची मागणीही हवी, तिलाही एकच वर्ष. आणि बी समरी मंजूर झाल्यावर खोट्या फिर्यादीबद्दल जुन्या दंड संहितेच्या कलम २११ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या २४८ खाली, फिर्यादीवर कारवाई होऊ शकते. पोलीस तो अहवाल पाठवतात आणि विसरतात.

बांधकरी, फिर्यादीबद्दल ताई म्हणतात ते मलाही पटतं. कलम १६१ ची ढाल पोलिसाला आहे, फिर्यादीला नाही. त्याच्यासाठी पूर्ण वर्ष आहे, नोव्हेंबरपर्यंत. नुसती खबर देणारा माणूस सहसा अडकत नाही. पण ज्याने खोटं आहे हे माहीत असून नाव घातलं, पुरवणी जबाब दिला, कोर्टात येऊन त्यावर साक्ष दिली, तो खटला "चालवणाराच" धरला जातो. आखाड्याचा पुरवणी जबाब त्याचाच आहे ना?

बांधकरी · मंगळवार, रात्री ८:४५

त्याचाच आणि त्याच्या पोराचा.

पावत्या फारशा नाहीत. कारखान्याने कामावरून कमी केल्याचं पत्र आहे, त्यात "गुन्हा दाखल असल्याने" असं लिहिलेलं. पिकअप जप्त होती तोवर हप्ते थकले, त्या फायनान्सच्या नोटिसा आहेत. सोयरीक मोडली त्याचा कागद कुठून आणू?

आणखी एक सापडलं. आमच्या आबांनी अटकेच्या तिसऱ्या दिवशी एसपी ऑफिसला हाताने लिहून अर्ज दिला होता. त्यात काट्याच्या पावतीचा नंबर, वेळ, आडत्याचं नाव सगळं आहे, आणि "पावती तपासी अंमलदारांनी ठेवून घेतली आहे" असंही. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का मारून घेतलेला. आबांची सवयच तशी, वीजबिलाचा अर्जसुद्धा शिक्का घेतल्याशिवाय देत नाहीत. ही प्रत आमच्या वकिलांनी कोर्टात लावलीच नाही. म्हणाले, पावतीचा फोटो आहे ना, पुरे.

निवृत्त_जमादार · मंगळवार, रात्री ९:०२

आबांना माझा नमस्कार सांगा.

तो अर्ज एसपी ऑफिसातून "चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा मारून ठाण्यात आला असणार, आणि तपासी अंमलदाराने सही करून घेतला असणार. माहिती अधिकारात त्या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते मागा. ठाण्याच्या आवक नोंदवहीची तारीख चार्जशीटच्या आधीची निघाली, तर "आठवत नाही" म्हणायची सोय राहत नाही.

काळा_कोट · मंगळवार, रात्री ९:३०

जमादारांनी माझं काम केलं. पावती माहीत असून दडवली हे त्या एका शिक्क्याने उभं राहतं. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच द्या, तीस दिवस त्यात जातील. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, लोक करतात आणि मग कोर्टात त्रास होतो.

नोटीस तीन ठिकाणी. महाराष्ट्र शासन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, एसपी, आणि तपासी अंमलदार नावाने. दाव्यात जेवढी रक्कम मागाल त्यावर कोर्ट फी बसते, तेव्हा चिडून एक कोटी लिहू नका. नोकरीचा पगार, गाडीचे हप्ते, वकिलांचा खर्च जेवढा दाखवता येईल तेवढा, आणि मानहानीची एक रास्त रक्कम. सोयरीक मोडली त्याला मुलीकडचं कुणी साक्षीला आलं तर उत्तम, नाही आलं तर मध्यस्थ.

मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आतली तक्रार चालते, त्यामुळे २०२१ ची अटक तिथे आता नेण्यात अर्थ नाही.

कोरडवाहू · मंगळवार, रात्री १०:००

मी चेष्टा करत होतो, पण आबांचा शिक्का वाचून गप्प झालो. नोटीस आरपीएडीने पाठवा, पोचपावती येते.

निवृत्त_जमादार · मंगळवार, रात्री १०:०८

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टात गेलं की हो. स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पोच मागून घ्यायची. शिवाय एक प्रत हाताने नेऊन शिक्का घ्यायचा, आबांसारखा.

बांधकरी · बुधवार, सकाळी ६:५०

रात्री घरात बसून बोललो. भावाला दोघांवर लावायचंय. आबा म्हणतात पोलिसांवर लावा, फिर्यादीवर नको. मोजणी याच उन्हाळ्यात होणार आहे, भूमी अभिलेखचा माणूस येणार, त्या दिवशी बांधावर दोन्हीकडची माणसं उभी असतील. फिर्यादीवर दावा पडला तर मोजणी होऊच देणार नाहीत. आणि विहिरीचं पाणी अजून सामायिक आहे.

वकीलसाहेब, फिर्यादीला सोडून फक्त सरकार आणि तपासी अंमलदारावर चालतं का?

काळा_कोट · बुधवार, सकाळी ७:४०

चालतं, पण पोलिसांचं पहिलं वाक्य असेल, "फिर्यादीने सांगितलं ते आम्ही लिहिलं, आणि ज्याने सांगितलं त्याच्यावर यांनी दावाही केला नाही." केस निम्मी लंगडी होते.

पण दोन तारखा वेगळ्या आहेत, त्याचा उपयोग करा. पोलिसांची मे, फिर्यादीची नोव्हेंबर. नोटीस आता सरकारला आणि अंमलदाराला पाठवा. मोजणी उरकून घ्या. नंतर फिर्यादीला त्याच दाव्यात सामील करायचं की नाही ते आबांशी बोलून ठरवा, पण दिवाळीच्या आत, दिवाळी झाल्यावर नाही. निकालाच्या प्रमाणित नकला दोन काढा आणि शुक्रवारी खंडपीठात येत असाल तर दुपारी दोननंतर या, सकाळी माझ्या केसेस बोर्डावर आहेत.

बांधकरी · बुधवार, सकाळी ७:५५

शुक्रवारी येतो. आबाही येतो म्हणायलेत, अर्ज स्वतःच्या पिशवीत घेऊन. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाहीत.